सपाट मुलखातली दरड

भंडाऱ्याला जायचं ठरवलं तेव्हा आमच्या पाटण तालुक्यातल्या निदान दहा जणांनी मला विचारलं, "तिकडं काय आहे बघायला?" मी म्हणायचो, "तलाव आहेत." "अजून?" "भात आहे." यावर ते माझ्याकडे दयेनं बघायचे. भात बघायला रात्रभर रेल्वेत अंग आखडून घ्यायचं आणि वर अर्धा दिवस एसटीत आदळायचं, हे त्यांच्या डोक्यात शिरत नव्हतं. परत आल्यावर मात्र हीच मंडळी ओट्यावर बसून मला तीच तीच हकिगत सांगायला लावतात. म्हणून शेवटी लिहूनच काढतो आहे.

आधी माझी ओळख. मी तीस वर्षं एका ठेकेदाराकडे घाटरस्त्यावर मुकादम होतो. काम एकच. पावसाळ्यात दरड कोसळली की माणसं आणि यंत्रं घेऊन जायचं, पडलेली माती उचलून दरीत लोटायची आणि रस्ता मोकळा करायचा. मागे गाड्यांची रांग, हॉर्नचा कल्ला, आणि पुढे तांबडा चिखल. एक बाजू सुरू झाली की मला जग जिंकल्यासारखं वाटायचं. आमचं पोकलेन शालिक चालवायचा. तो भंडारा जिल्ह्यातला, सानगडीच्या आतल्या अंगाच्या एका गावचा. विशीत पोट भरायला आमच्याकडे आला आणि साठीला टेकल्यावर परत गेला. यंत्राचा तो लोखंडी हात तो मातीत इतक्या नजाकतीनं घालायचा, की बघणाऱ्यानं श्वास रोखून धरावा. गावी परतल्यावर दर पावसाळ्यात त्याचा फोन यायचा. "या ना जी एकदा. आमच्याकडं डोंगरच नाही, तं पडन काय? सुखानं झोपाल."

यंदा गणपती उठले आणि मी निघालो.

सानगडी

साकोलीहून एसटीनं सानगडीला उतरलो तर शालिक मोटरसायकल घेऊन उभा. डोक्यावरचे केस गेलेले, बाकी तोच. बाजारात त्यानं मला उकडलेले शिंगाडे घेऊन दिले. काळे, चकचकीत, अजून वाफ येणारे. शिंगाड्याला खरोखरच दोन शिंगं असतात हे मला ते बोटात घुसल्यावर कळलं. रक्त आलं, शालिक पोट धरून हसला, आणि मग अंगठ्यानं नेमकं कुठं दाबलं की ते दुभंगतं हे त्यानं दाखवलं. आतला गर गोडसर, चेस्टनट-बिस्टनट म्हणतात त्याच्या तोंडात मारेल असा. एवढे खाल्ले की गावात पोहोचेपर्यंत जेवायची इच्छा राहिली नाही, आणि ती मोठीच चूक होती.

वाटेत मी बघतच राहिलो. आमच्याकडे नजर कुठंही टाका, ती डोंगराला आपटून परत येते. इथं ती सुटली की सुटलीच. भाताची चौकोनी खाचरं, त्यांना इथं बांधी म्हणतात, आणि बांधीला बांधी लागून, मध्ये हातभर उंचीचे धुरे. जमीन इतकी सपाट, की गोटी ठेवली तर कुठल्या दिशेला जावं याचा तिला विचार पडेल. पण पाण्याला विचार पडत नाही. ते एका बांधीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत गपचूप उतरत असतं. डोळ्याला न दिसणारा उतार या लोकांच्या पूर्वजांनी कसा ओळखला असेल, याचं मला आश्चर्य वाटलं.

"काय, दिसते का एखादी दरड?" शालिकनं मागं वळून विचारलं.

"तुमच्याकडे पडायला काही उभंच नाही," मी म्हणालो. तो खुशीत हसला.

घरी पार्बतावहिनी होत्या. शालिकच्या थोरल्या भावाची बायको, साठीच्या आतबाहेर, काटक. भाऊ वारून बारा वर्षं झाली. शालिकची बायको मुलीच्या बाळंतपणासाठी तुमसरला गेलेली, त्यामुळे घर वहिनींच्या हातात. पानात भाताचा डोंगर, लाखोरीची डाळ आणि तलावातल्या झिंग्यांची वांगं घातलेली भाजी. आमच्याकडे आधी भाकरी आणि शेवटी भात. इथं आधी भात, मध्ये भात आणि शेवटीही भातच. मी भीत भीत विचारलं, "भाकरी मिळेल का एखादी?"

वहिनींनी चिंतेनं माझ्याकडे पाहिलं. "काहून जी पावने, तब्येत बरी नाही का?"

मी गुपचूप भात खाल्ला. झिंगे असे होते की दुसऱ्यांदा मागून घेतले.

पाळ

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वहिनी निघाल्या. हातात काठी, दुसऱ्या हातात स्टीलचा ग्लास, पाय अनवाणी. "तलावावर जातो. येता का?" असं त्यांनी विचारलं (इकडं बायकाही 'जाते' न म्हणता 'जातो'च म्हणतात) आणि मी मागं लागलो.

तलाव म्हणजे मला वाटलं होतं की खड्डा असेल. पण हा खड्डा नव्हेच. सपाट जमिनीवर मातीची लांबलचक भिंत घालून पाणी अडवलेलं. ही भिंत म्हणजे पाळ. दोन माणसांपेक्षा उंच, वर बैलगाडी जाईल एवढी रुंद, आतल्या बाजूला दगड रचलेले आणि बाहेरच्या बाजूला गवत. कधी घातली ते गावात कुणालाच सांगता येत नाही. पोकलेन नव्हतं, डंपर नव्हता, डोक्यावरच्या टोपल्यांनी ही सगळी माती इथं आली. मी आयुष्यभर माती उचलली, पण उचलून टाकलेली माती पिढ्यान्‌पिढ्या जागेवर कशी राहील, याचा विचार मला कधी करावाच लागला नव्हता. त्या भिंतीपुढे मला मनापासून हात जोडावेसे वाटले, आणि मी जोडलेही.

पाळीच्या एका बाजूला भरलेला तलाव. दुसऱ्या बाजूला, पाण्याच्या पातळीहून खाली, पंधरा घरांची टोली. तिच्या शेजारून, पाळीच्या पायथ्यालगत, पांदण म्हणजे शेतावर जायची गाडीवाट, आणि पांदणीपलीकडे मैलभर पसरलेल्या बांध्या.

वहिनी गावच्या पाणकर. म्हणजे तलावाचं पाणी कुणाला, कधी, किती द्यायचं ते त्या ठरवतात. पूर्वी त्यांचे मालक ठरवायचे. ते गेल्यावर गावानं बैठक घेतली आणि बांध्यांचं पाणी ज्या बाईला तोंडपाठ होतं तिच्याच हातात तुडुमाची दांडी दिली. तुडुम म्हणजे पाणी सोडायचं दगडी तोंड. ते उघडलं की पाणी पाटात येतं आणि वरच्या बांधीपासून खालच्या बांधीपर्यंत क्रमानं जातं. वहिनींची स्वतःची दोन एकर बांधी अगदी शेपटावर, सगळ्यात शेवटी.

"अनवाणी का चालता?" मी विचारलं. मला वाटलं, देवभोळेपणा असेल.

"चप्पल घालून कसं कळन जी? पाळ कुठं थंडी लागते, कुठं लिबलिबीत लागते, ते तळव्याले समजते."

पाळीच्या पायथ्याशी एका जागी बोटभर पाणी पाझरत होतं. त्यांनी ग्लास लावला, भरून घेतला आणि उजेडाकडे धरला. पाणी नितळ होतं. "पाझर तं राहतेच," त्या म्हणाल्या. "पानी येऊ द्या, पन एकटं येऊ द्या. संगं माती घेऊन आलं, का समजा पाळ पोटातून खाली होऊन राहिली."

घाटात आमच्याकडे यंत्रं घेऊन साहेब मंडळी यायची, तारा जोडायची, आकडे लिहायची. ही बाई ते काम स्टीलच्या ग्लासावर करत होती. मला ती फार आवडली.

त्या रात्रीपासून पाऊस लागला. तीन दिवस तो थांबला नाही. वहिनी दिवसातून चार वेळा पाळीवर जाऊन यायच्या, आणि मी चुलीजवळ बसून गरम भातावर तेल-तिखट घेऊन खायचो.

पांदण

चौथ्या दिवशी उजाडताना पाऊस उघडला. मी आणि शालिक पाय मोकळे करायला पांदणीनं निघालो आणि समोर बघून दोघंही जागीच थांबलो. पाळीच्या बाहेरच्या उताराचा एक मोठा तुकडा, वाटीनं खरवडून काढावा तसा, खाली घसरला होता. वर ताजी तांबूस भेग, आणि खाली पांदणीत चिखलाचा फुगलेला ढीग, अख्खी वाट अडवून.

सपाट मुलखातली दरड! लाज वाटते, पण खरं ते लिहितो. आम्हां दोघांचे चेहरे उजळले. तीस वर्षांची सवय अंगात उसळली. पांदण अडली होती, म्हणजे बैलगाडी अडणार, म्हणजे वाट मोकळी केली पाहिजे. यापलीकडे काही सुचलंच नाही. शालिक धावत जाऊन दोन फावडी घेऊन आला.

"एक बाजू पयले सुरू करू," तो म्हणाला. अगदी घाटातल्यासारखं.

आम्ही भिडलो. वय विसरलो. ढिगाच्या पायथ्याची माती ओढायची आणि पलीकडच्या नाल्यात फेकायची. तासाभरात हातगाडी जाईल एवढी वाट झाली. गावातले लोक उठतील, बघतील आणि म्हणतील, पाहुणा कामाचा निघाला, असं माझ्या मनात चाललं होतं. तेवढ्यात वरून बूट चिखलातून उपसताना येतो तसा आवाज आला. मी मान वर केली. उरलेला उतार सावकाश, अजिबात घाई न करता, आमच्या अंगावर येत होता.

मागं उडी मारायला गेलो आणि माझा घोटा वळला. शालिकनं काखेत हात घालून मला ओढलं. माती थांबली तेव्हा आमची हातगाडीची वाट पुन्हा बुजली होती. पण ते काहीच नव्हतं. भेग आता पाळीच्या माथ्यापर्यंत गेली होती. गाडीएवढ्या रुंद माथ्याची अर्धी कड खचली होती, आणि पलीकडे तलाव तुडुंब.

वहिनी पाळीवरून पळत आल्या. आधी त्यांनी आम्ही जिवंत आहोत का ते पाहिलं. मग आमच्या हातातली फावडी पाहिली.

"कोनी खोदलं?"

शालिकनं फावडं पाठीमागं घेतलं.

"भाऊजी, कोनी खोदलं मी विचारून राहिलो!"

"आमी वयनी. वाट बंद झाली होती म्हून..."

"वाट?" त्यांचा आवाज चिरकला. "अवं माय! पडलेली माती खालून टेकू देऊन राहिली होती पाळीले. पडली ती पडली, बसली होती ना चूप आपल्या जागेवर! तुमी तिचे पाय काढून घेतले. तीस साल मातीत काम केलं म्हनता अन् एवढं समजत नाही?"

मी चिखलात बसलेला, घोटा फुगत चाललेला, आणि एवढ्या वर्षांचा मुकादम. खाली मान घालून ऐकत होतो. त्या क्षणी मला आमचा घाट दिसला. दर पावसाळ्यात आम्ही पायथ्याची माती उचलायचो, आणि पुढच्या पावसाळ्यात त्याच जागी डोंगर पुन्हा खाली यायचा. आम्ही पावसाला शिव्या द्यायचो. रस्ता चालू ठेवायला ती माती उचलावी लागतेच, हे खरं. पण डोंगर आपल्याच मातीला टेकून उभा असतो, हे या तीस वर्षांत एकदाही माझ्या मनात आलं नव्हतं. मला स्वतःची फार लाज वाटली.

दुपारी पाळीवर गाव जमलं. मी काठी टेकत गेलो आणि सगळ्यांसमोर सांगितलं की चूक माझी आहे, शालिकची नाही. कुणी मला बोललं नाही. "पावने हाय, माहीत नवतं त्याईले," असं एक म्हातारी म्हणाली, आणि ते बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

प्रश्न आता पाण्याचा होता. तलाव असाच भरलेला ठेवला तर खचलेली पाळ ते ओझं पेलेल का, हे कुणी सांगू शकत नव्हतं. आणि खाली टोली होती. वहिनी म्हणाल्या, "तीन हात पानी उतरवा लागन."

हिरामण उभे राहिले. पाटाच्या तोंडाशी त्यांची बांधी, म्हणजे पाणी सगळ्यात आधी त्यांना. वहिनींच्या मालकांचे दोस्त, आवाज भारी. "तीन हात म्हंजे अर्धा तलाव गेला, वयनी. बांध्या आज भरून हाय, पन धान गर्भात हाय, लोंबी याची हाय. आता पानी नाल्यात सोडलं अन् पुन्हा पाऊस नाही आला, तं पंधरा दिवसांनं धानाले काय पाजसान?"

"अन् पाळ फुटली तं टोलीतल्या लेकराईले काय सांगू?"

"मी नाही म्हनतच नाही. पन समजून घ्या. पानी कमी पडलं तं शेपटाले पोचत नाही. सगळ्यात पयले तुमचीच बांधी वाळून जाईन."

"माहीत हाय मले," वहिनी म्हणाल्या. "दांडी आना."

एवढंच. कुणाचं मत घेतलं नाही, डोळ्यांत पाणी नाही. ज्या बाईचं वर्षाचं धान त्या दोन एकरांवर, तिनं स्वतःच्या हातानं तुडुम उघडलं. पण उघडलं तेही थोडंसंच. मला वाटलं होतं, धोका आहे तर भसाभस रिकामा करतील. मी तसं विचारलं तेव्हा वहिनींचा राग जरा उतरलेला असावा, कारण त्यांनी समजावून सांगितलं. "पानी आतून पाळीले रेलून धरते. एकदम काढलं तं आतली बाजू ढासळन. जसं आलं तसंच हळू जाऊ द्या लागते."

तीन दिवस पाणी नाल्यात जात राहिलं. तेवढ्या वेळात गावानं जे काम केलं ते मी जन्मात विसरणार नाही. माथ्यावरच्या भेगेत कुणी मातीचं ढेकूळसुद्धा टाकलं नाही. तिथं फक्त ताडपत्री अंथरली, वरून पाणी मुरू नये म्हणून. सगळं ओझं पायथ्याला. घसरलेल्या ढिगाच्या पायाशी आधी दगड, मोठे खाली, लहान वर, आणि मध्ये फटी मुद्दाम ठेवलेल्या. "पानी निंगून गेलं पाह्यजे, माती राहिली पाह्यजे," असं वहिनी प्रत्येकाला बजावत होत्या. बायका रांगेनं टोपल्या देत होत्या. हिरामण, ज्यांचं पाणी नाल्यात चाललं होतं, तेच सगळ्यात अवजड दगड उचलत होते. पांदण बंद ती बंदच. बैलगाड्या लांबच्या वाटेनं वळसा घालून जाऊ लागल्या आणि त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. आमच्याकडे एक तास रस्ता अडला तर लोक फोन लावून लावून जीव खातात.

मी एका दगडावर पाय लांब करून बसलो होतो. मला काम मिळालं होतं: दर तासाला पाझराखाली ग्लास धरायचा आणि वहिनींना दाखवायचा. पहिल्या दिवशी पाणी गढूळ होतं. दुसऱ्या दिवशी चहासारखं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ग्लासातून मला पलीकडची माझी बोटं दिसली. मी ओरडलोच. वहिनींनी ग्लास घेतला, बराच वेळ बघितला आणि पाणी पाळीवरच ओतून टाकलं.

"बसली पाळ," त्या म्हणाल्या, आणि तीन दिवसांत पहिल्यांदा खाली बसल्या.

शेपूट

माझा घोटा भोपळ्याएवढा झाला होता. परतीचं तिकीट रद्द केलं. गावातल्या एका आजीबाईंनी हळद आणि कसलासा पाला बांधला, आणि मी ओसरीवर पडून राहिलो. रोज कुणी ना कुणी काही घेऊन यायचं. तलावातले मासे, शिंगाडे, एकदा कमळाचे देठ. माझ्यामुळे ज्यांचं पाणी गेलं तेच मला खाऊ घालत होते. मी हे एकदा शालिकला बोलून दाखवलं तर तो म्हणाला, "माह्याही हातात फावडं होतंच ना जी. मी तं इथलाच."

आणि पाऊस? पाऊस गेला तो गेलाच. आकाश निळं, स्वच्छ, दुष्ट. ऊन असं, की दुपारी कौलं तडतडायची. नवरात्र बसलं. सकाळी सगळे आधी आभाळाकडे बघायचे आणि मग एकमेकांकडे. वहिनी रोज शेपटाच्या बांधीवर जाऊन यायच्या. एक दिवस मीच विचारलं. "लोंबी बाहेर याले पाहून राहिली," त्या म्हणाल्या, "पन पायात ओल नाही."

"तुमच्याच हातात दांडी आहे," मी म्हणालो. "यंदा खालून सुरुवात करा. पाळ वाचवण्यासाठीच पाणी सोडलं, सगळ्यांना ते माहीत आहे. कुणी नाही म्हणणार नाही."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी भाकरी मागितल्याचा दिवस आठवला. "पाणकरानं आपल्या बांधीपासून पानी सुरू केलं, तं मंग उद्या तिच्या हातचं कोन घेईन जी?"

दोन दिवसांनी तुडुम उघडायचं ठरलं. मी काठी घेऊन लंगडत गेलो. सकाळची वेळ, सगळे आपापल्या बांधीच्या तोंडाशी फावडी घेऊन उभे. तलावात अर्ध्याहून कमी पाणी. वहिनींनी मोठ्यानं सांगितलं, "दरसालासारखंच. वरून खाली." आणि दांडी फिरवली.

पाणी पाटात आलं. पुढं कचरा ढकलत, वाळलेली पानं फिरवत, ते हिरामणच्या बांधीपाशी पोहोचलं. हिरामणनी फावडं उचललं. धुरा फोडून पाणी आत घेतील म्हणून मी बघत होतो. त्यांनी मातीची दोन ढेकळं उचलली आणि धुऱ्यावर आणखी थापली.

"माही बांधी ओली हाय," ते म्हणाले. "फुडं जाऊ द्या."

पुढच्या बांधीवर मुखरू नावाचा गडी उभा होता. त्यानं हिरामणकडे पाहिलं, मग पाण्याकडे पाहिलं. "माही बी ओलीच हाय," तो म्हणाला. त्याच्या पुढच्यानं तर नुसतं फावडं खांद्यावर टाकलं. पाणी पुढे पुढे जात राहिलं, आणि बांधीमागून बांधी लोक नुसते बाजूला होत गेले. कुणी कुणाशी ठरवलं होतं असं मला वाटत नाही. त्यांच्या चेहऱ्यावर तसं काही नव्हतंच.

मी पाण्यासोबत जायला निघालो आणि हिरामणच्या धुऱ्यावरून जाताना काठी त्यांच्या बांधीत टेकली. काठीचं टोक भेगेत शिरलं. मी खाली वाकून बघितलं. जमीन राखाडी पडली होती, आणि भेगा बोट घालावं एवढ्या. मी तोंड उघडलं तेवढ्यात शालिकनं माझा दंड धरला. मी तोंड मिटलं.

शेपटाच्या बांधीपर्यंत पाणी यायला दुपार झाली. वहिनी आधीच तिथं पोहोचल्या होत्या. त्यांनी हातांनीच धुऱ्याचं तोंड मोकळं केलं. पाणी आत शिरलं तेव्हा कोरड्या मातीतून चुर्र असा बारीक आवाज आला. त्या बांधावर उकिडव्या बसल्या, धानाच्या बुडाशी हात धरून. पाणी एक बोट चढलं, दोन बोटं, तीन. चार बोटं झाली आणि त्यांनी उठून तोंड बुजवायला घेतलं.

"वयनी, येऊ द्या ना अजून," शालिक म्हणाला. "एवढ्या दूर आलं हाय."

"पुरे झालं."

त्यांनी चिखल थापून धुरा पक्का केला, पदर खोचला, फावडं खांद्यावर घेतलं आणि ज्या वाटेनं पाणी आलं होतं त्याच वाटेनं पाटाच्या कडेनं वर निघाल्या, झपाझप. मी लंगडत मागं गेलो.

"आता कुठं निघालात वहिनी?"

"हिरामणभाऊच्या बांधीत पानी लावाले."

"ते तर म्हणाले, त्यांची ओली आहे."

त्या थांबल्या नाहीत. मागं वळूनही पाहिलं नाही.

"बारा साल पानी वाटून राहिलो मी, पावने. कोनाची बांधी ओली अन् कोनाची कोरडी, हे मले त्याईनं सांगा लागते का?"